डोळ्याखालचा भोवरा

लातुरात माझं घर शोधायचं असेल तर आडनाव सांगून उपयोग नाही. 'बैलवाले सर' म्हणा, कुठलाही ऑटोवाला दारात आणून सोडील. गंमत म्हणजे माझ्याकडे बैल नाही, कधी नव्हता. बैल बांधायला जागा नाही आणि बैलानं नांगरावं असं रानही नाही. तीस वर्षं निलंग्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या गोठ्यांत बसून जनावरांचे चेहरे काढले. पांढरा कागद, टाक आणि काळी शाई. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, गोठे काही सुटले नाहीत.

आता संपादक म्हणतात, अंकासाठी या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, अहो, मी रेघा ओढणारा माणूस, मला अक्षरं कशाला ओढायला लावता? तर म्हणाले, जनावराच्या चेहऱ्यावर भाव कसा आणता तेवढं सांगा. सांगतो. पण मग एका बैलाच्या चेहऱ्यावरचा भाव मी काढून टाकला, तेही सांगावं लागेल. ते आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

आधी काम समजावून सांगतो. माणसाचा चेहरा त्या मानानं सोपा. भुवई जरा वर नेली की आश्चर्य, ओठाचं टोक खाली आणलं की रुसवा. जनावराला भुवया नाहीत आणि त्याचे ओठ चारा खाण्याच्या कामात असतात. मग भाव आणायचा कुठून? पहिला कानांतून. बैलाचा एक कान पुढं आणि एक मागं असेल तर तो बघतोय तुमच्याकडे, पण लक्ष आहे मागून येणाऱ्या माणसाकडे. दोन्ही कान पडले म्हणजे दमलाय, नाहीतर कुठंतरी दुखतंय. दुसरा भाव पापणीच्या वरच्या घडीत. ही घडी केसभर चुकली तरी गरीब बैल मारका दिसायला लागतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे केस. टाकाची रेघ केस जिकडे पडलाय तिकडेच ओढायची. जनावराच्या अंगावरचे केस वळत वळत जातात आणि काही ठिकाणी गोल फिरतात, आपल्या डोक्यावर फिरतात तसेच. त्याला भोवरा म्हणतात. कपाळावर एक तर बहुतेकांना असतोच, बाकीचे कुणाला मानेवर, कुणाला पाठीवर. दोन जनावरांचे सगळे भोवरे सारखे, असं मी तरी पाहिलेलं नाही.

माझी पद्धत ठरलेली. गोठ्यात जायचं, जनावराला माझी सवय होईपर्यंत गप बसायचं, मग कच्च्या वहीत पेन्सिलीनं काढायचं. बाजूला बाण काढून टिपणं करायची: कान कसे, भोवरे कुठं, शिंगावर किती कड्या, जुना व्रण आहे का. शाईचं काम घरी, आठ-दहा दिवस. कच्ची वही मी कुणाला देत नाही, दाखवतही नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना भेटली. नांदेड जिल्ह्यातून, कंधारकडून एक गडी आला होता. तिकडची जनावरं लाल, अंगावर दुसरा ठिपका नाही. त्याच्या वळूचं चित्र मी जीव ओतून काढलं. त्यानं ते चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "सर, लई झकास. पण आमचा लाल हाय. ह्यो तर काळा दिसायलाय."

"शाई काळीच असते हो," मी म्हटलं.

"मंग लातुरात लाल शाई न्हाई का भेटत?"

तासभर समजावलं. छटा, उजेड, सावली, सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "ते सगळं बरोबर हाय. फक्त खाली लाल शाईनं लिहून द्या, वळू लाल हाय म्हणून." दिलं लिहून. माझ्या सहीपेक्षा ती ओळच मोठी झाली.

निलंग्याच्या एका बाईंनी म्हशीचं चित्र काढायला सांगितलं आणि निघताना हळूच म्हणाल्या, "जरा उजळ काढा हं." लातुरातल्या एका डाळ मिलच्या मालकाला त्याचं राखणीचं कुत्रं खतरनाक दिसायला हवं होतं. ते बिचारं मला बघून लोळण घेत होतं. मी लोळणारं काढलं, तर मालक म्हणाला, "सर, हे बघून चोर चहा प्यायला थांबतील की."

हसण्यावारी न्यावं असं हे सगळं. पण यातून मला एक वाईट सवय लागली. गिऱ्हाइकाला जे नको असेल ते गाळायचं. कुणाच्या गाईचं फुटकं शिंग नीट करून दिलं, कुणाच्या घोड्याच्या पाठीवरचा खोगिराचा व्रण सोडून दिला. म्हटलं, आपलं काय जातंय? त्यांच्या घरात लागणार, त्यांना बघायचंय.

हे माझ्या वडिलांना, आबांना आवडलं नसतं. आबा गावची गुरं राखायचे. देवणी जनावरं, त्यातली निम्मी पांढरीफेक. शंभरभर पांढऱ्या जनावरांतून कुणाचं कुठलं हे आबा भोवऱ्यांवरून सांगायचे. "भवरा म्हंजे गुराचं नाव," म्हणायचे, "त्याच्या अंगावरच लिवलेलं असतंय." गावात मात्र भोवऱ्यांत शुभ-अशुभ बघायचे. खरेदीच्या वेळी आबांना बोलावणं यायचं. आबा खाली बसून जनावराच्या अंगावरून हात फिरवत एकेक भोवरा सांगायचे, लोक माना डोलावायचे, आणि मग आबांना चहा मिळायचा तो गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेल्या वेगळ्या कपात. मी हे लहानपणी कितीदा तरी बघितलंय. आम्ही बौद्ध, घरात बाबासाहेबांचा फोटो, शुभ-अशुभाची थेरं आमच्या घरात चालत नव्हती. शिकून मास्तर झालो तेव्हा त्या कपाबरोबर ती सगळी भोवऱ्यांची विद्याही मी मनातून फेकून दिली. अडाण्यांचा बाजार, दुसरं काय, असं म्हणायचो.

आता त्या बैलाकडे येतो.

निलंग्यापासून अर्ध्या तासावर एक गाव आहे. तिथले बालाजीराव म्हणून एक शेतकरी एकदा घरी येऊन सांगून गेले की नवा देवणी बैल घेतलाय, पांढराशुभ्र, नाव पाखऱ्या, त्याचं चित्र काढायचं. मी म्हटलं, दिवाळीनंतर येतो. बालाजीराव दिवाळीआधीच गेले. चाळिशीचा माणूस, सकाळी धारा काढून ओसरीवर टेकला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. पाखऱ्या दावणीला येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

मी ते काम सोडून दिलं होतं. पाच-सहा महिन्यांनी त्यांच्या मंडळींचा, सुमनताईंचा फोन आला. "सर, ह्यांनी सांगितलेलं काम राहिलंय. कधी येताव?"

गेलो. बैल बघून मीच हरखलो. इतकं देखणं जनावर मी फार कमी वेळा पाहिलंय. अंगावर एक डाग नाही, शिंगं जोडीनं वळलेली, कान लांब आणि सारखे हलते. पण चेहरा रडका. का ते जवळ गेल्यावर कळलं. डाव्या डोळ्याखाली एकाखाली एक असे दोन भोवरे होते. तिथले केस फिरून खाली उतरले होते, त्यामुळे डोळ्यातून पाणी ओघळून गालावर वाळल्यासारखं दिसायचं. डोळ्याखालच्या भोवऱ्याला आमच्याकडे आसूढाळ म्हणतात. असं जनावर धन्याला रडवतं, अशी समजूत. इथं तर धनीच गेला होता, मग लोकांना आणखी काय पाहिजे?

मी वहीत चेहरा काढला, भोवऱ्यांपर्यंत आलो, बाण काढून टिपण केलं. सुमनताई चहा घेऊन मागं उभ्या होत्या. बोलायला कमी, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला.

"सर," त्या म्हणाल्या, "ते तेवढं काढू नका."

"काय?"

"डोळ्याखालचं." आणि त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

तेवढ्यात शेजारच्या दारातून त्यांचे दीर, दत्ताभाऊ, बाहेर आले. दोन्ही घरांचं अंगण एकच. मला राम राम केला, बैलाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "चित्र कसलं काढताव सर? इकून टाका म्हणायलोय मी वहिनींना. ह्या जनावरानं माझा भाऊ खाल्ला. दादा एवढा पारखी माणूस, त्याला हे दिसलं कसं न्हाई कोण जाणे." सुमनताई चहाचा कप माझ्यासमोर ठेवून आत निघून गेल्या.

मला वाटलं, आपल्याला सगळं समजलं. दीर बोलतोय, गाव बोलतंय, येणारा-जाणारा भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून बोलणार, म्हणून बाईला तो भोवरा नकोय. मला त्यांची दया आली आणि थोडं हसूही आलं. चिमूटभर केस इकडचे तिकडे फिरलेत, त्याला माणसं काय घाबरतात! न काढला म्हणून काय बिघडलं? उलट एका बाईच्या जिवाला आराम. 'नाही काढत,' असं मी आतल्या दाराकडे बघून सांगितलं आणि वहीत बाणाच्या टोकाला लिहिलं, 'आसूढाळ, दोन. गाळायचे, ताईंनी सांगितलं.'

घरी शाईत काढताना त्या जागी रेघा सरळ ओढल्या. पांढऱ्या बैलाला रेघा कमीच लागतात, त्यामुळे कुणाला शंकाही येऊ नये इतकं साफ काम झालं. पण भोवरे गेले आणि चेहराच पालटला. रडका पाखऱ्या पोट भरून सावलीत उभ्या असलेल्या जनावरासारखा शांत दिसायला लागला. मी चित्र घेऊन गेलो तेव्हा सुमनताईंनी ते बराच वेळ धरलं. "समाधानी दिसायलाय," म्हणाल्या. मी खूश. बायकोला घरी येऊन सांगितलं की आज आपण एक चांगलं काम केलं.

वर्ष गेलं. एके दिवशी सकाळी फोन वाजला.

"बैलवाले सर का? मुरुडच्या पोलीस चौकीतून जमादार बोलतो. इथं बैल बी हाय आणि तुम्ही काढलेलं चित्र बी हाय. दोघांची ओळख पटंना. तुम्ही येऊन जा."

पाखऱ्या आठ दिवसांपूर्वी रानातल्या गोठ्यातून चोरीला गेला होता. पाहुण्यांपैकी कुणाला तरी तो लातूरपलीकडच्या मुरुडच्या बाजारात दिसला, आणि सुमनताई दत्ताभाऊंना घेऊन, भिंतीवरचं चित्र चौकटीसकट पिशवीत घालून, दोन एसट्या बदलून मुरुडला आल्या. मी कच्ची वही पिशवीत टाकली आणि लातूरहून निघालो. वही का घेतली ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

चौकीसमोर लिंबाखाली पाखऱ्या बांधलेला होता. आठ दिवसांत बरगड्या दिसायला लागल्या होत्या. कानातला सरकारी पिवळा बिल्ला कुणीतरी ओरबाडून काढलेला, कानाची कड फाटलेली. आत बाकावर सुमनताई, त्यांच्या शेजारी दत्ताभाऊ, समोर एक वयस्कर व्यापारी. व्यापाऱ्यानं बैल बाजारात रीतसर घेतला होता, त्याच्याकडे पावती होती. माणूस लबाड वाटला नाही. कुणी येऊन 'हा बैल माझा' म्हणालं म्हणून जनावर कोण सोडून देईल?

जमादारांनी मला सगळं सांगितलं. आधी त्यांनी मोबाइलमधले फोटो मागितले होते. दत्ताभाऊंच्या मोबाइलमध्ये पोळ्याचे चाळीस फोटो निघाले. एकात बैलाच्या तोंडावर बाशिंग, एकात गोंडे, एकात गुलालानं डोळे भरलेले, बाकीच्यांत पाहुण्यांचे चेहरे आणि त्यांच्या मागं अर्धं शिंग. "नुसती झूल वळखू येती," जमादार म्हणाले. मग कुणीतरी सुचवलं, बैल मोकळा सोडा, धनिणीकडे जातो का बघू. सोडला. तो तडक पाण्याच्या बादलीकडे गेला. "मंग बादलीचाच हाय म्हणायचा," व्यापारी म्हणाला. शेवटी सुमनताईंनी पिशवीतून चित्र बाहेर काढलं. आणि त्या चित्रानंच त्यांचा घात केला.

"हे बघा सर," जमादारांनी चित्र टेबलावर ठेवलं. "शिंगं जुळतात, कान जुळतात. पण ह्या बैलाला डोळ्याखाली दोन भवरे हायत. चित्रात न्हाईत. बाईंना इचारलं तर बोलंनात. म्हणल्या, सरांना बोलवा."

मग व्यापारी मला घेऊन बैलापाशी गेला आणि खाली वाकून, अंगावरून हात फिरवत, त्यानं एकेक भोवरा दाखवला. कपाळावरचा, मानेवरचा, डोळ्याखालचे दोन. आबा असेच दाखवायचे, अगदी असाच उलटा हात फिरवून. शुभ-अशुभ गेलं चुलीत. शंभर पांढऱ्या जनावरांत ह्या बैलाला वेगळं करणारी एकच गोष्ट होती आणि नेमकी तीच मी गाळली होती. शहाणपणाच्या तोऱ्यात गाळली होती.

आत आलो. सुमनताई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्या म्हणतायत, माझं नाव घेऊ नका. पिशवीतली वही काढली असती तर काम झालं असतं, पण तिच्यावर माझ्याच हातानं लिहिलेलं होतं की ताईंनी सांगितलं म्हणून गाळलं. दीर शेजारी बसलेला. मी पिशवीवर हात ठेवला आणि म्हणालो, "चूक माझी आहे. बैल हाच. भोवरे काढायचे माझ्याकडून राहून गेले."

व्यापाऱ्यानं खिशातून चष्मा काढला, चित्र उजेडात नेलं आणि सावकाश बघितलं.

"सर, तुमी ह्याच्या पापण्या एकेक करून काढल्याव. नाकावरचा घाम काढलाव, थेंब मोजून घ्यावा असा. आणि डोळ्याखालचे येवढाले दोन भवरे राहून गेले? लहान लेकराला तरी पटंल का हे?"

सगळे हसले. जमादारही हसले. माझ्या कामाची इतकी बारीक तारीफ आजवर कुणी केली नव्हती, आणि ती नेमकी अशा वेळी व्हावी! मी मान खाली घातली. जमादारांनी चित्र बाजूला सारलं. "मंग मी काय करू ताई? पावती त्यांच्याकडं हाय."

"वहिनी, जाऊ द्या आता," दत्ताभाऊ म्हणाले. "गेलं ते बरं झालं म्हणा. घरातून पीडा गेली."

सुमनताई उठून उभ्या राहिल्या.

"जमादारसाहेब, सर खोटं बोलायलेत. राहून गेलं न्हाई. मी काढू दिलं न्हाई." मग त्या दिराकडे वळल्या. "भाऊजी, तुमी बी ऐका. तुमी रोज म्हणताव, दादानं भवरा कसा बघितला न्हाई. त्यांनी बघितला होता. बाजारात मला बोट लावून दाखवला. हे म्हणले, सुमन, जनावर चांगलं हाय पण आसूढाळ हाय, नको. मीच हट्ट धरला. मी म्हणले, इतकं देखणं जनावर परत भेटंल का, घ्या हो, काय होतंय. ते हसले आणि घेतला. मी घ्यायला लावला. चित्रात तो भवरा मला रोज बघवला नसता, म्हणून सरांना म्हणले, काढू नका. लोकांच्या भ्यानं न्हाई म्हणले."

मी वही काढून ते पान जमादारांपुढं ठेवलं. पेन्सिलीत दोन्ही भोवरे होते, बाण होता, टिपण होतं. जमादार आणि व्यापारी वही घेऊन लिंबाखाली गेले. परत आल्यावर व्यापाऱ्यानं चष्मा घडी करून खिशात घातला. "जनावर तुमचं हाय बाई. मला ज्यानं गंडवलं त्याचं मी बघतो साहेबांबरोबर." जमादारांनी कागद पुढं ओढला आणि लिहायला घेतलं.

माझं लक्ष दत्ताभाऊंकडे होतं. ते मग उठले, बाहेर गेले, बैलाचा कासरा सोडला आणि त्याला आणखी एक बादली पाणी पाजलं. कासरा सुमनताईंच्या हातात देताना म्हणाले, "वहिनी, दादाला आयुष्यात कधी कुणी हट्टानं काय घ्यायला लावलंय व्हय? त्याच्या मनात भरला म्हणून घेतला त्यानं. तुमी उगं कशाला..." आणि पुढचं न बोलता चुना-तंबाखू मळत लांब जाऊन उभे राहिले.

मी सुमनताईंपाशी गेलो. मला वाटलं होतं, त्या आभार मानतील. त्या म्हणाल्या, "सर, मी तुमाला कशाला बोलावलं होतं?"

आणि उत्तराची वाट न बघता त्याच पुढं म्हणाल्या,

"माझ्या तोंडून निघंना, म्हणून बोलावलं. म्हणले, सर शिकलेले हायत, खरं सांगतील, मला फक्त हो म्हणायचं राहील. तुमी बी झाकलं."

"तुमच्यासाठीच ना ताई."

"मला इचारलं का?"

पहिल्यांदा गोठ्यातही मी विचारलं नव्हतं. 'काढू नका' म्हणाल्या, आणि का, हे मीच ठरवून मोकळा झालो होतो. अडाणी बाई, घाबरली असेल. आबांच्या हातात वेगळा कप देणाऱ्यांचा मला आयुष्यभर राग होता, आणि मी स्वतः या बाईला मनातल्या मनात काय वेगळं वागवलं होतं? लाज वाटली. अजून वाटते.

"आता काढा," त्या म्हणाल्या.

"इथं?"

"हितंच. बैल समोर हाय."

जमादारांनी स्वतः चौकटीचे खिळे उचकटून दिले. टाक, पातं आणि शाईची लहान दौत माझ्या पिशवीत कायम असतात. चौकीच्या पायरीवर बसलो, मांडीवर पुठ्ठा, त्यावर चित्र. जाड कागदावरची शाई दाढीच्या पात्यानं हलकेच खरवडता येते. डोळ्याखालच्या सरळ रेघा तशा खरवडल्या आणि मग पाखऱ्याकडे बघत बघत एकेक केस वळवत नेला. बाजारातली माणसं भोवती जमली. "वरचा जरा मोठा हाय सर," "अजून डावीकडं घ्या," असं जो तो सांगायला लागला, आणि खरं सांगू, बरोबर सांगत होते. खरवडलेल्या कागदावर शाई थोडी फुटली, त्यामुळे ती जागा ओलसर दिसायला लागली. अर्ध्या तासात चित्रातला शांत बैल गेला आणि लिंबाखाली उभा होता तो आला, तोच रडका.

मी चित्र वर धरलं. सुमनताई कासरा दत्ताभाऊंकडे देऊन पुढं आल्या आणि वाकून बघायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"हितं," त्या म्हणाल्या. "बरोबर हितं बोट लावलं होतं ह्यांनी." आणि त्यांनी तिथं बोट लावलं.

शाई ओली होती. बोट उचललं तर ते काळं झालेलं, आणि बैलाच्या डोळ्याखाली, खालच्या भोवऱ्याला लागून, त्यांच्या बोटाचा ठसा.

"अगं बाई! काय करून बसले मी! सर, पुसता येतं का हे?"

"येतं," मी म्हणालो. "पातं आहे जवळ. पुसू का?"

त्यांनी चित्राकडे बघितलं, मग आपल्या बोटाकडे, मग पुन्हा चित्राकडे.

"नगं," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."